मुक्त स्रोत छायाचित्र-संपादन : सीमाभागातील वापरकर्त्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि कारवार-हल्याळ या पट्ट्यात गिम्प, डार्कटेबल, रॉथेरपी आणि डिजिकॅम ही मुक्त स्रोत (ज्यांचा मूळ कोड सर्वांना खुला आहे अशी) छायाचित्र-सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची गरज काहीशी वेगळी आहे. येथे एकाच फलकावर मराठी आणि कन्नड अशा दोन लिप्या येतात, छोट्या स्टुडिओत दहा वर्षांपूर्वीचा संगणक अजून काम करीत असतो, आणि साहित्य संमेलनाची स्मरणिका किंवा मंडळाचा अहवाल काढणारी व्यक्ती बहुधा स्वतःच छायाचित्रकार, अक्षरजुळणीकार आणि मुद्रितशोधक असते. अशा वापरकर्त्यांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. मार्च २०२५ मध्ये आलेली गिम्पची ३.० ही आवृत्ती आधारभूत धरली असून, जुन्या २.१० मध्ये जेथे फरक पडतो तेथे तो सांगितला आहे. मेन्यूंची नावे पडद्यावर दिसतात त्या इंग्रजी उच्चारानेच लिहिली आहेत.

आरंभीच एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी सॉफ्टवेअरचा दोष नसतो. मूळ फोटो, कामाची फाइल आणि बाहेर द्यायची फाइल या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की अडचणी सुरू होतात. पुढील उत्तरांत हा मुद्दा अनेकदा येईल.

मुक्त स्रोत म्हणजे फुकट का? स्टुडिओच्या व्यवसायात हे सॉफ्टवेअर वापरणे कायदेशीर आहे का?

होय, पूर्णपणे कायदेशीर आहे. गिम्प हे जीपीएल या परवान्याखाली दिले जाते. या परवान्यानुसार ते कोणत्याही कामासाठी वापरता येते, त्याची प्रत दुसऱ्याला देता येते, त्याचा स्रोत वाचता येतो आणि त्यात बदलही करता येतात. लग्नाचे फोटो करून पैसे घेतले, म्हणून कोणाला काही द्यावे लागत नाही. सॉफ्टवेअर वापरून केलेले चित्र सर्वस्वी तुमचेच राहते. १९९५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिम्पचे काम सुरू केले, आणि आज ते जगभरचे स्वयंसेवक पुढे नेत आहेत. चोरून घेतलेल्या महागड्या सॉफ्टवेअरवर धंदा चालविण्यापेक्षा हा मार्ग स्वच्छ आहे, आणि फोडलेल्या प्रतींबरोबर येणाऱ्या व्हायरसपासूनही तो वाचवितो.

इतकी नावे ऐकू येतात. मला नेमके कोणते लागेल?

फोटोतील काही भाग काढणे किंवा जोडणे, अक्षरे टाकणे, पार्श्वभूमी बदलणे, जुना फोटो दुरुस्त करणे यांसाठी गिम्प योग्य आहे. कॅमेऱ्यातील रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलींचा उजेड, रंग आणि तपशील सुधारण्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांपैकी एक पुरेसे होते. हजारो फोटो नीट लावून ठेवायचे, त्यांना नावे आणि टिपा द्यायच्या, तर डिजिकॅम घ्यावे. फलकावरील बोधचिन्ह, कमान, नक्षी असे रेषांचे काम इंकस्केपमध्ये करावे, कारण ते कितीही मोठे केले तरी कडा फुटत नाहीत. आणि अनेक पानांची स्मरणिका स्क्रायबसमध्ये मांडावी. सगळे एकाच सॉफ्टवेअरमध्ये करण्याचा हट्ट धरला की दुप्पट वेळ जातो. नव्याने शिकणाऱ्याने पहिले दोन महिने केवळ गिम्पच वापरावे, असे आमचे मत आहे.

ते कोठून उतरवून घ्यावे? माझ्याकडे अजून विंडोज ७ आहे.

केवळ त्या-त्या प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे. गिम्पसाठी ते गिम्प डॉट ओआरजी हे आहे. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातीवर टिचकी मारू नये. २०२२ मध्ये गिम्पच्या नावाची खोटी जाहिरात देऊन लोकांच्या संगणकांत माहिती चोरणारा प्रोग्रॅम घुसविण्याचा प्रकार घडला होता. लिनक्स वापरणाऱ्यांनी आपल्या वितरणाच्या सॉफ्टवेअर-भांडारातून किंवा फ्लॅटहब या सामायिक भांडारातून घ्यावे.

गिम्प ३.० साठी विंडोज १० किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. विंडोज ७ वर २.१० चालते आणि रोजच्या कामाला ते कमी पडत नाही. मात्र एका स्टुडिओत दोन संगणक असतील तर दोहोंवर एकच आवृत्ती असावी. ३.० मधील नव्या सोयी वापरून ठेवलेली कामाची फाइल २.१० मध्ये उघडत नाही आणि ऐन घाईच्या वेळी ते लक्षात येते.

सेव्ह करताना जेपीजी निवडूच देत नाही. हा बिघाड आहे का?

हा बिघाड नव्हे. २०१२ मधील २.८ या आवृत्तीपासून गिम्पने जाणीवपूर्वक केलेली ही व्यवस्था आहे आणि आमच्या दृष्टीने ती अतिशय योग्य आहे. "सेव्ह" केल्यावर एक्ससीएफ ही कामाची फाइल तयार होते. तिच्यात सगळे लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर), मास्क (थराचा कोणता भाग दिसावा हे ठरविणारा पडदा), निवडी (काम करण्यासाठी आखून घेतलेले भाग) आणि पुन्हा बदलता येतील अशी अक्षरे शाबूत राहतात. जेपीजी किंवा पीएनजी हवे असेल तर "फाइल" मेन्यूतील "एक्सपोर्ट ॲज" वापरावे, किंवा कंट्रोल-शिफ्ट-ई दाबावे. जेपीजी ही बाहेर द्यायची फाइल आहे. तिच्यात सर्व लेयर एकजीव होतात आणि प्रत्येक वेळी पुन्हा एक्सपोर्ट करताना थोडा तपशील कायमचा जातो. गिऱ्हाईक संध्याकाळी येऊन "तारीख तेवढी बदला" म्हणते, तेव्हा एक्ससीएफ जवळ असेल तर ते दोन मिनिटांचे काम असते, आणि नसेल तर सगळा फलक पुन्हा रचावा लागतो.

जेपीजीत पारदर्शक भाग टिकत नाही, हेही लक्षात ठेवावे. मंडळाच्या बोधचिन्हामागची पार्श्वभूमी काढून ते जेपीजीत दिले, तर त्याच्याभोवती चौकोन दिसणारच. अशा वेळी पीएनजी द्यावे.

काम चालू असताना वीज गेली. फाइल परत मिळेल का?

एकदाही सेव्ह केले नसेल तर बहुधा मिळणार नाही. गिम्प स्वतः कोसळले तर उघडी चित्रे वाचविण्याचा प्रयत्न करते आणि पुढच्या वेळी सुरू होताना ती परत देऊ करते. पण वीज अचानक गेली तर गिम्पला तेवढीही सवड मिळत नाही. गिम्पमध्ये ठरावीक मिनिटांनी आपोआप सेव्ह होण्याची सोय मुळात नाही. खानापूरकडच्या पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे फोटो उघडताच पहिले काम म्हणजे त्याला नाव देऊन एक्ससीएफ करणे, आणि नंतर दर मोठ्या टप्प्यावर कंट्रोल-एस दाबणे. मोठा बदल करण्यापूर्वी "सेव्ह अ कॉपी" वापरून वेगळ्या नावाने प्रत ठेवावी.

ब्रश फिरवतो, पण काहीच उमटत नाही. काय तपासावे?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. प्रथम कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून सर्व निवड काढून टाकावी, कारण चित्राच्या कोपऱ्यात नकळत झालेली लहानशी निवड असेल तर ब्रश केवळ तिच्या आतच चालतो. तेवढ्याने भागले नाही, तर लेयरच्या यादीत आपण कोणत्या लेयरवर उभे आहोत ते पाहावे. तो लेयर झाकलेला असेल, त्याला कुलूप असेल, किंवा त्याच्याऐवजी त्याचा मास्क निवडलेला असेल तर रंग अपेक्षित ठिकाणी दिसणार नाही. लेयर चित्रापेक्षा लहान असेल तर त्याच्या तुटक सीमेबाहेर ब्रश उमटत नाही. "लेयर" मेन्यूतील "लेयर टू इमेज साइझ" वापरल्यावर ही अडचण सुटते. शेवटी ब्रशचा आकार आणि त्याची अपारदर्शकता शून्याजवळ तर गेली नाही ना, हे पाहावे.

खोडरबराने खोडल्यावर पारदर्शक होण्याऐवजी पांढरा किंवा दुसराच रंग येत असेल, तर त्या लेयरला अल्फा चॅनल (पारदर्शकतेची नोंद ठेवणारा भाग) नाही असे समजावे. "लेयर" मेन्यूतील "ट्रान्सपरन्सी"मध्ये जाऊन तो जोडता येतो.

सगळी साधने आणि बाजूचे चौकोन अचानक नाहीसे झाले.

टॅब ही कळ चुकून दाबली गेली असेल; ती पुन्हा दाबावी. एखादेच साधन सापडत नसेल तर ते दुसऱ्या चिन्हाखाली दडलेले असते, कारण नव्या आवृत्त्यांत सारखी साधने एका गटात ठेवलेली आहेत. चिन्हावर थोडा वेळ दाबून धरल्यास गट उघडतो, आणि ही गटवारी "प्रेफरन्सेस"मधील "टूलबॉक्स"मध्ये जाऊन बंदही करता येते.

मराठी किंवा कन्नड मजकूर टाकला की अक्षरे तुटतात, नाही तर भलतीच चिन्हे येतात. यावर कायमचा उपाय कोणता?

येथे तीन वेगळ्या अडचणी एकत्र मिसळलेल्या असतात, आणि त्या वेगवेगळ्या ओळखणे महत्त्वाचे आहे.

पहिली अडचण जुन्या फॉन्टांची आहे. आपल्याकडील डीटीपी केंद्रांत मराठीसाठी श्री-लिपीसारखे आणि कन्नडसाठी नुडी किंवा बरहसारखे संच वर्षानुवर्षे वापरले गेले. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत "क" या अक्षराच्या जागी आतून एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठविलेले असते आणि फॉन्ट त्यावर मराठी किंवा कन्नड आकार चढवितो. तोच मजकूर उचलून गिम्पमध्ये युनिकोड फॉन्टात, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या फॉन्टात, आणला की आतली इंग्रजी चिन्हे उघडी पडतात. यावर एकच खरा उपाय आहे: मजकूर आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा, नंतर तो एकदा डोळ्यांनी वाचून काढावा, आणि मगच गिम्पमध्ये न्यावा. परिवर्तक जोडाक्षरांत आणि रफारात चुका करतो, म्हणून वाचणे टाळता येत नाही.

दुसरी अडचण टंकनाची आहे. "दऱ्या" आणि "दर्या" हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्यात नुक्ता असलेला ऱ, हलंत आणि य असा क्रम लागतो, आणि दुसऱ्यात साधा र. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलकावर दोन्ही सरळ टंकता येतात, परंतु रोमन अक्षरांवरून मराठी करणाऱ्या काही साधनांत पहिले रूप मिळविण्यासाठी वेगळी कळ शिकून घ्यावी लागते. फलकावर "वार्यावर" असे छापून आल्याची जी उदाहरणे दिसतात, त्यांत फॉन्टचा काहीही दोष नसतो.

तिसरी अडचण रूपांची आहे. मराठी वळणाचे ल आणि श हे हिंदी वळणाच्या ल आणि श यांहून वेगळे असतात, आणि अनेक फॉन्ट न सांगता हिंदी वळण देतात. गिम्पच्या टेक्स्ट साधनाच्या पर्यायांत खाली "लँग्वेज" असा रकाना आहे, तेथे मराठी निवडावी. ज्या फॉन्टांत मराठी रूपांची सोय आहे, त्यांत अक्षरे लगेच बदलतात. हा रकाना फार थोड्यांना माहीत आहे, आणि मराठी फलक करणाऱ्या प्रत्येकाने तो वापरावा अशी आमची मनापासून विनंती आहे. कन्नड ओळीसाठी वेगळा टेक्स्ट लेयर घेऊन तेथे कन्नड निवडावी. दोन्ही लिप्या एकाच लेयरमध्ये कोंबू नयेत, कारण दोहोंची उंची सारखी नसते आणि कन्नडची ओत्तक्षरे (जोडाक्षरांत खाली लिहिली जाणारी अक्षरे) ओळीच्या खाली उतरत असल्याने त्यांना अधिक जागा द्यावी लागते. दुकानाचा फलक असेल तर कन्नड भाषेविषयीच्या कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात साठ टक्के जागा कन्नडला द्यावयाची आहे, तेव्हा अगोदर मार्गदर्शक रेषा आखून जागेची वाटणी करावी आणि मगच मराठी अक्षरांचा आकार ठरवावा.

आणखी एक सूचना. मथळा रुंद दिसावा म्हणून अक्षरांमधील अंतर वाढविण्याची सवय इंग्रजीतून आली आहे. देवनागरीत तसे केल्यास शिरोरेघ तुटते. रुंद फॉन्ट निवडणे किंवा आकार वाढविणे हाच योग्य मार्ग. मुक्त आणि वापरण्यास मोकळ्या फॉन्टांत देवनागरीसाठी नोटो सान्स देवनागरी, मुक्ता आणि बलू, तर कन्नडसाठी नोटो सान्स कन्नड आणि बलू तम्मा हे चांगले आहेत. बलूची देवनागरी आणि कन्नड ही भावंडे एका वळणाची असल्याने द्विभाषिक फलकावर एकमेकांशेजारी शोभून दिसतात.

नवा फॉन्ट बसविला, पण यादीत येत नाही. आणि गिम्प सुरू होण्यास पाच मिनिटे लागतात.

विंडोजमध्ये फॉन्ट बसविताना "सर्व वापरकर्त्यांसाठी" हा पर्याय निवडावा, आणि गिम्पच्या फॉन्टांच्या चौकोनातील पुन्हा वाचण्याचे बटण दाबावे. सुरू होण्यातील विलंबाचे कारण बहुधा फॉन्टांची गर्दी हे असते. गिम्प पहिल्यांदा प्रत्येक फॉन्ट वाचून त्याची नोंद करते, आणि डीटीपीच्या संगणकावर असे हजारो फॉन्ट साचलेले असतात. न लागणारे काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत.

दहा फूट बाय चार फूट फ्लेक्ससाठी ३०० रिझोल्यूशन घेतले, तर संगणक अडकून बसतो.

तो अडकणारच. हिशेब करून पाहावा. दहा फूट म्हणजे १२० इंच आणि चार फूट म्हणजे ४८ इंच. ३०० रिझोल्यूशन म्हणजे दर इंचात ३०० पिक्सेल (चित्राचे ठिपके), तेव्हा ३०० ने गुणल्यास ३६,००० बाय १४,४०० पिक्सेल, म्हणजे सुमारे ५२ कोटी पिक्सेलांचे चित्र होते, आणि त्याच्या प्रत्येक पूर्ण आकाराच्या लेयरला साधारण २ जीबी स्मृती लागते. असे चार लेयर झाले की ४ जीबी रॅमचा संगणक हार्ड डिस्कवर लिहू-वाचू लागतो आणि माउससुद्धा हलत नाही. हेच चित्र ७२ ने केल्यास ८,६४० बाय ३,४५६ पिक्सेल होते आणि एका लेयरला सुमारे १२० एमबी पुरते. रस्त्याच्या पलीकडून पाहावयाच्या फलकाला ७२ पुरेसे असते. ३०० हा आकडा हातात धरून वाचावयाच्या निमंत्रणपत्रिकेसाठी आहे. चौकात उंच लावल्या जाणाऱ्या फलकासाठी त्याहून कमीही चालते, परंतु ज्या छापखान्यात काम द्यायचे आहे त्यांना अगोदर विचारून घ्यावे.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. व्हॉट्सॲपवरून आलेला पाहुण्यांचा लहानसा फोटो "स्केल इमेज"मध्ये जाऊन आठ पट मोठा केला, तरी त्यात नसलेला तपशील निर्माण होत नाही. पाहुण्यांकडून मूळ फोटो मागवावा, आणि पाठविताना तो "डॉक्युमेंट" म्हणून पाठविण्यास सांगावे, म्हणजे तो वाटेत आक्रसत नाही.

संगणक तरीही मंद वाटत असेल तर "प्रेफरन्सेस"मधील "सिस्टिम रिसोर्सेस"मध्ये जाऊन टाइल कॅशे (चित्रासाठी गिम्पला वापरता येणारी स्मृती) एकूण रॅमच्या निम्म्याच्या आसपास आहे का ते पाहावे, आणि मागे जाण्याच्या पायऱ्यांसाठी राखलेली स्मृती कमी करावी.

पडद्यावर भगवा झळकतो, छापून आला की विटकरी होतो. गिम्पमध्ये सीएमवायके का नाही?

पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश (आरजीबी) टाकून रंग दाखवितो आणि छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईने (सीएमवायके) रंग दाखविते. पडद्यावरचे काही झगझगीत भगवे, निळे आणि हिरवे रंग शाईला मिळतच नाहीत. हे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये घडते. गिम्प अजूनही मूलतः आरजीबीमध्येच काम करते. मात्र ३.० मध्ये छापखान्याचे सीएमवायके प्रोफाइल (त्यांच्या शाई-कागदावर रंग कसे उतरतात याची फाइल) जोडून रंग छापल्यावर कसे दिसतील याचे पूर्वदर्शन घेता येते आणि सीएमवायकेमध्ये फाइल बाहेरही काढता येते. छापखान्याकडून त्यांचे प्रोफाइल मागून घ्यावे. ते मिळाले नाही तर एसआरजीबी या पडद्यांच्या सर्वसाधारण आरजीबीमध्येच फाइल द्यावी आणि एक लहान नमुना छापून पाहावा. हाताने अंदाजे रंग बदलत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

एका संमेलनाच्या फलकाचे काम आम्ही दिले होते, तेव्हा अक्षरे जिवंत ठेवलेली फाइल छापणाऱ्याकडे गेली, त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, आणि मथळ्याच्या जागी चौकोन छापून आले. दोष आमचाही होता, कारण आम्ही कामाची फाइल बाहेर पाठविली होती. तेव्हापासून छापखान्याला केवळ पीडीएफ किंवा टिफ (तपशील न गमावणारी चित्र-फाइल) द्यायची आणि सोबत मजकूर दिसणारा लहान जेपीजी जोडायचा, असा नियम आम्ही ठेवला आहे.

जुन्या पीएसडी आणि सीडीआर फाइली उघडतील का?

फोटोशॉपची पीएसडी उघडते आणि लेयरही बहुतांशी मिळतात, परंतु त्यातील अक्षरे चित्र बनून येतात, त्यामुळे मजकूर बदलावयाचा असल्यास पुन्हा टंकावा लागतो. कोरलड्रॉची सीडीआर गिम्पमध्ये उघडत नाही. इंकस्केप काही सीडीआर वाचते, पण त्यावर विसंबून राहू नये. ज्याने ती केली त्याच्याकडून पीडीएफ मागवावी.

नोकरीच्या अर्जासाठी "फोटो २० ते ५० केबी" असे मागतात. आणि एका कागदावर पासपोर्ट फोटो किती बसतील?

क्रॉप साधनात प्रमाण ३५:४५ असे पक्के करून चेहरा मध्यभागी घ्यावा. नंतर "स्केल इमेज"मध्ये रुंदी ४१३ आणि उंची ५३१ पिक्सेल करावी. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० रिझोल्यूशनला एवढाच होतो. जेपीजी एक्सपोर्ट करताना पूर्वदर्शनाचा पर्याय चालू केल्यास फाइल किती केबीची होईल ते तेथेच दिसते, आणि गुणवत्तेची पट्टी हळूहळू मागे आणून हवा तो आकडा गाठता येतो. सोबतची माहिती आणि छोटी प्रतिमा साठविण्याच्या खुणा काढल्यास आणखी काही केबी वाचतात.

सहा बाय चार इंचांच्या आडव्या कागदावर, म्हणजे १,८०० बाय १,२०० पिक्सेलांत, चारच्या दोन ओळी असे आठ फोटो बसतात आणि कापण्यापुरती जागाही उरते. अर्जाच्या फोटोत उजेड आणि पार्श्वभूमी नीट करणे ठीक. चेहऱ्यावरील तीळ किंवा व्रण काढू नयेत. ओळख पटविण्यासाठीच तो फोटो असतो.

गोकाकच्या धबधब्याचे रॉ फोटो काढले. कॅमेऱ्यात छान दिसत होते, डार्कटेबलमध्ये फिके आणि अंधारे का दिसतात?

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतो तो कॅमेऱ्याने स्वतःच रंग चढविलेला जेपीजी असतो. रॉ फाइल म्हणजे संवेदकावर पडलेल्या प्रकाशाची कच्ची नोंद. डार्कटेबल ती नोंद पुढे ठेवते आणि निर्णय तुमच्यावर सोपविते. प्रथम "एक्सपोजर" वाढवून मधला उजेड नीट करावा आणि मगच रंगांकडे वळावे. फेसाळ पाण्याचा पांढरा भाग पूर्ण जळालेला नसेल, तर "हायलाइट रिकन्स्ट्रक्शन" त्यातील काही पोत परत आणते. पूर्ण जळाला असेल तर काहीही परत येत नाही, म्हणून धबधबा टिपताना थोडे अंधारेच टिपावे. जांबोटीच्या रानातील पावसाळी, कमी उजेडाच्या फोटोंत येणाऱ्या कणांसाठी "डिनॉइज प्रोफाइल्ड" हे मॉड्यूल पुरेसे आहे. त्यात तुमच्या कॅमेऱ्याची मोजमापे आधीच भरलेली असल्यास बहुधा केवळ चालू करूनच भागते.

नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल मुळीच उघडत नसेल तर सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी असते. गिम्प स्वतः रॉ उघडत नाही. ते डार्कटेबल किंवा रॉथेरपी बसविले असेल तर फाइल त्यांच्या हवाली करते.

फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडले, तर केलेले सगळे बदल गेले.

डार्कटेबल मूळ फोटोला हात लावत नाही. बदलांची कृती ते आपल्या नोंदवहीत आणि फोटोशेजारी त्याच नावाच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिते. रॉथेरपी अशीच पीपी३ नावाची फाइल करते. फोटोबरोबर ती छोटी फाइल नेली नाही, तर बदलही येत नाहीत. तसेच फाइलींची नावे बाहेरून बदलू नयेत, कारण जोडी तुटते.

घरातील जुने फोटो पावसाळ्याच्या दमटपणाने डागाळले आहेत. ते कसे वाचवावेत?

या प्रश्नाला आम्ही सर्वाधिक वेळ देतो, कारण शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत आणि खानापूरच्या वाड्यांत भिंतीवर टांगलेले फोटो बुरशीने दरवर्षी थोडेथोडे नाहीसे होत आहेत. प्रथम फोटो कोरड्या मऊ ब्रशने झटकावा. ओल्या फडक्याने पुसू नये. काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये, काचेसकट स्कॅन करावा किंवा खिडकीच्या तिरप्या उजेडात, चमक न येईल अशा कोनातून टिपावा. स्कॅन ६०० डीपीआयला (दर इंचात ६०० ठिपके), रंगीतच करावा. कृष्णधवल फोटोही रंगीत स्कॅन करण्याचे कारण असे की पिवळे डाग आणि बुरशी एखाद्या रंगाच्या चॅनलमध्ये (लाल, हिरवा किंवा निळा यांच्या स्वतंत्र नोंदीत) ठळक, तर दुसऱ्यात पुसट दिसतात, आणि ज्या चॅनलमध्ये ती सर्वांत पुसट आहेत तोच घेऊन अर्धे काम होते. फाइल टिफमध्ये ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. काम तिच्या प्रतीवर करावे.

गिम्पमध्ये ती प्रत उघडल्यावर लेयरची नक्कल करावी. "लेव्हल्स"मध्ये काळ्या आणि पांढऱ्या टोकांच्या खुणा आलेखाच्या कडांपर्यंत आणल्या की धुरकटपणा पुष्कळ कमी होतो. ३.० मध्ये हे बदल लेयरवर स्वतंत्र राहतात, आणि लेयरजवळील "एफएक्स" या खुणेवर जाऊन ते केव्हाही सुधारता किंवा काढता येतात, २.१० मध्ये मात्र ते लगेच पक्के होतात. डागांसाठी "हील" हे साधन वापरावे. कंट्रोल धरून स्वच्छ भागावर टिचकी मारायची, नंतर डागावर लहान ब्रशने एकेक ठिपका द्यायचा. लांब भेगेसाठी आणि कापडाच्या काठासाठी "क्लोन" बरे, कारण "हील" कडेजवळ शेजारचा रंग ओढून घेते.

चेहऱ्याच्या बाबतीत आमचे मत ठाम आहे. डोळा किंवा ओठ बुरशीने खाल्ला असेल, तर तो दुसऱ्या फोटोवरून किंवा कल्पनेने रंगवू नये. गालावरील डाग काढावा, घडी मिटवावी. पण जे दिसत नाही ते नव्याने काढलेले चित्र आजीचे राहत नाही. नऊवारीच्या काठाचा पोत, पागोट्याची घडी, मागच्या पडद्यावर रंगविलेला बगीचा, फोटोखाली उमटविलेला स्टुडिओचा शिक्का हे सारे जसेच्या तसे ठेवावे. पिवळेपणा पूर्ण घालवून फोटो पांढराशुभ्र करण्याचा आग्रहही धरू नये.

एक प्लगइन बसविल्यापासून गिम्प सुरूच होत नाही.

२.१० साठी पायथन या भाषेत लिहिलेली प्लगइन (गिम्पला नव्या सोयी जोडणारे छोटे प्रोग्रॅम) ३.० मध्ये चालत नाहीत. नव्या आवृत्तीसाठी असलेलीच घ्यावीत. सुरू होण्यात अडचण असेल तर गिम्पच्या मांडणीचे फोल्डर पुसून न टाकता त्याचे नाव बदलावे. विंडोजमध्ये ते ॲपडेटा रोमिंगमधील गिम्प या फोल्डरमध्ये आवृत्तीच्या आकड्याने असते, आणि लिनक्समध्ये घरच्या फोल्डरमधील लपलेल्या कॉन्फिग या फोल्डरात. पुढच्या वेळी गिम्प नव्याने मांडणी तयार करते, आणि जुन्या फोल्डरातील ब्रश किंवा नमुने नंतर एकेक करून परत आणता येतात.

फोटो दुरुस्त झाला; त्यातील माणसांची नावे कोठे लिहावीत? फाइलच्या नावात मराठी चालते का?

फाइलच्या नावात आज मराठी चालते, परंतु जुन्या छपाई-यंत्रांत किंवा पेन ड्राइव्हवर ती नावे कधी कधी बिघडतात, म्हणून फाइलला क्रमांक द्यावा आणि नावे डिजिकॅममधील "कॅप्शन्स" या रकान्यात युनिकोड मराठीत लिहावीत. डिजिकॅम ही माहिती आपल्या नोंदवहीत ठेवते, आणि मेटाडेटा (फोटोविषयीची माहिती) फाइलमध्ये लिहिण्याची खूण चालू असल्यास ती फोटोच्या आतही जाते. ती खूण चालू करावी, म्हणजे फोटो दुसऱ्या संगणकावर गेला तरी नावे त्याच्याबरोबर जातात. व्हॉट्सॲपवर सामान्य फोटो म्हणून पाठविल्यास मात्र ही माहिती गळून जाते.

फोटोच्या मागील बाजूस काही लिहिलेले असल्यास तीही बाजू स्कॅन करावी आणि त्याच क्रमांकापुढे "मागे" असे लिहून ठेवावी. मागचा मजकूर मोडीत असेल तर तो वाचता येत नाही म्हणून सोडू नये. तो वाचणारी व्यक्ती नंतर भेटते. नावे लिहिताना डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार लिहावीत, नात्यापेक्षा पूर्ण नाव आणि गाव आधी द्यावे, कारण "थोरली काकू" कोण हे पुढच्या पिढीला कळणार नाही. ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांकडे असते. त्यामुळे स्कॅन झाल्यावर दुरुस्तीची वाट न पाहता तो डागाळलेला फोटोच पडद्यावर मोठा करून त्यांच्यासमोर धरावा, आणि ते सांगतील तसतशी नावे टंकून घ्यावीत.